वर्तमानपत्र कोणाचे?

वर्तमानपत्राइतकी अल्पायुषी वस्तू दुसरी नसेल. सकाळी ते दारात पडते, दुपारपर्यंत शिळे होते आणि महिनाअखेरीस रद्दीवाल्याच्या तराजूत जाते. तरीही या काही पैशांच्या, पुढे काही रुपयांच्या कागदावरून माणसे भांडली आहेत, कोर्टात गेली आहेत, तुरुंगात गेली आहेत, देशाबाहेर हाकलली गेली आहेत. ज्याचे आयुष्य एका दिवसाचे, त्याच्यासाठी एवढी किंमत का मोजावी? आमच्या मते याचे कारण साधे आहे. शहरातील लक्षावधी माणसे एकमेकांना कधीच भेटत नाहीत. ती एकमेकांविषयी काय समजतात, हे बऱ्याच अंशी तो कागद ठरवतो.

मुंबईसारख्या शहरात मराठी मुसलमानांच्या अनेक घरांत दोन वर्तमानपत्रे येत असत. वडीलधाऱ्यांसाठी उर्दू आणि शाळा-कॉलेजात शिकणाऱ्यांसाठी, नोकरदारांसाठी मराठी. शहर एकच, तारीखही एकच. पण दोन्ही पत्रे शेजारी ठेवली की वाटावे, ही दोन वेगळ्या शहरांतून आली आहेत. एकात मोहल्ल्यातील पाण्याची टंचाई, मदरशाचा जलसा, हजच्या अर्जांची मुदत, कोणाचा इंतिकाल झाला त्याची खबर. दुसऱ्यात महापालिका, शेअर बाजार, नाटकांच्या जाहिराती, क्रिकेट. या दुसऱ्यात आपण दिसायचोच तर ईदच्या गळाभेटीच्या छायाचित्रात, नाहीतर पोलिसांच्या हवाल्याने आलेल्या बातमीत. हे विधान ढोबळ आहे, त्याला सन्माननीय अपवादही आहेत. पण अपवाद बोटांवर मोजता येतात म्हणूनच लक्षात राहतात.

यातून एक नैतिक प्रश्न उभा राहतो आणि तो केवळ पत्रकारांचा नाही. मोठ्या शहराचे दैनिक असते तरी कोणाचे? ज्याने पैसा घातला त्या मालकाचे? जो विकत घेतो त्या वाचकाचे? की ज्याने ते कधी विकत घेतले नाही, ज्याला ते वाचताही येत नाही, पण ज्याच्याविषयी त्यात छापून येते, त्याचाही त्यावर काही हक्क आहे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आम्ही आज बंद पडलेल्या एका दैनिकाकडे वळतो. त्याचे नाव ‘बॉम्बे क्रॉनिकल’.

त्याआधी थोडी पार्श्वभूमी पाहिली पाहिजे. मुंबईत वृत्तपत्रांचा पाया पारशी, मराठी आणि इंग्रज अशा अनेक हातांनी घातला. १८२२ साली गुजराती ‘मुंबई समाचार’ निघाले. १८३२ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ आले. १८३८ मध्ये ‘बॉम्बे टाइम्स’ सुरू झाले. तेच पुढे १८६१ पासून ‘टाइम्स ऑफ इंडिया’ या नावाने ओळखले जाऊ लागले. या ‘बॉम्बे टाइम्स’च्या इतिहासातील एक प्रसंग आमच्या विषयाला धरून आहे. १८५७ च्या उठावाच्या वेळी जॉर्ज बुइस्ट हे त्याचे संपादक होते. उठावाच्या बातम्या येताच त्यांची लेखणी सूडाची भाषा बोलू लागली. पत्राच्या भागधारकांत हिंदी माणसेही होती. पारशी भागधारकांनी पुढाकार घेतला, बैठक झाली, संपादकाला धोरण बदलण्यास सांगण्यात आले. बुइस्ट यांनी नकार दिला. आपली मते दुसऱ्याच्या हुकमावरून बदलणार नाही, असा त्यांचा बाणा होता. त्यांना जावे लागले आणि त्यांच्या जागी रॉबर्ट नाइट आले.

या प्रसंगाचा नीट विचार केला तर पेच कळतो. मालकांपुढे न वाकणारा संपादक म्हटला की आपण टाळ्या वाजवतो. बुइस्ट वाकले नाहीत, म्हणजे ते स्वतंत्र संपादक होतेच. पण त्यांचे स्वातंत्र्य खर्च कोणावर झाले? ज्यांच्यावर संशयाची नजर आधीच रोखलेली होती, त्यांच्यावर. म्हणजे संपादकाचे स्वातंत्र्य ही गोष्ट स्वतःहून पुण्याची ठरत नाही. सुरीला धार असणे चांगले. पण ती कोणाच्या मानेवर आहे, हे विचारावेच लागते.

आता ‘क्रॉनिकल’कडे येऊ. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईतील इंग्रजी दैनिकांवर गोऱ्यांच्या मताचा पगडा होता. हिंदी जनतेची बाजू इंग्रजीत मांडणारे दैनिक हवे, या विचाराने सर फिरोजशहा मेहता यांनी १९१३ मध्ये ‘बॉम्बे क्रॉनिकल’ काढले. संपादक म्हणून त्यांनी आणला एक इंग्रज, बेंजामिन गाय हॉर्निमन. कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’मध्ये काम केलेला हा माणूस मनाने इथलाच होऊन गेला. १९१५ मध्ये मेहतांचे निधन झाले. पुढे पत्राच्या संचालक मंडळाचे अध्यक्षपद बॅरिस्टर मुहम्मद अली जिना यांच्याकडे आले. डिसेंबर १९१८ मध्ये मावळते गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या गौरवासाठी टाऊन हॉलमध्ये सभा भरली, तेव्हा तिला विरोध करणाऱ्यांत जिना आणि हॉर्निमन दोघेही होते. पारशी संस्थापक, मुसलमान अध्यक्ष, इंग्रज संपादक आणि सर्व जातिधर्मांचे वाचक! मुंबई शहराला शोभेल असे हे दैनिक होते.

मग १९१९ साल उजाडले. रौलट कायद्याविरुद्ध देश पेटला. १३ एप्रिलला अमृतसरच्या जालियनवाला बागेत गोळीबार झाला. पंजाबात लष्करी कायदा पुकारला गेला आणि तेथील बातम्या बाहेर येऊ नयेत यासाठी सरकारने कंबर कसली. ‘क्रॉनिकल’ गप्प बसेना. एप्रिलअखेर सरकारने हॉर्निमन यांना पकडून बोटीत बसवले आणि इंग्लंडला पाठवून दिले. पत्रावर नियंत्रणे आली, काही काळ ते बंद राहिले. तेव्हा ‘क्रॉनिकल’चा कारभार पाहणारे उमर सोबानी आणि शंकरलाल बँकर हेच ‘यंग इंडिया’ही चालवत होते. त्यांनी ते गांधीजींच्या हाती सोपवले. मुंबईच्या एका दैनिकाचे तोंड बंद करण्यात आले आणि त्यातून देशाला दुसरे तोंड मिळाले. हॉर्निमन इंग्लंडात गेल्यावरही स्वस्थ बसले नाहीत. अमृतसरविषयी त्यांनी तेथे पुस्तक लिहिले आणि १९२६ मध्ये ते पुन्हा हिंदुस्थानात आले.

बुइस्ट आणि हॉर्निमन यांना शेजारी उभे करून पाहावे. दोघेही गोरे, दोघेही हट्टी, दोघांचीही लेखणी तिखट. एकाने ज्यांच्या शहरात राहून पत्र चालवले त्यांच्यावरच सूड मागितला. दुसऱ्याने दूरच्या प्रांतातील मृतांसाठी आपले पद, आपले शहर, आपली मोकळीक पणाला लावली. अमृतसरच्या बागेत पडलेला माणूस काही ‘क्रॉनिकल’चा वर्गणीदार नव्हता. तो उद्या अंक घेणार नव्हता, जाहिरात देणार नव्हता, संपादकाला आभाराचे पत्र पाठवणार नव्हता. तरी त्याची बातमी छापणे हे संपादकाने आपले कर्ज मानले. आम्ही सुरुवातीला जो प्रश्न विचारला, त्याचे अर्धे उत्तर येथे मिळते. वर्तमानपत्र वाचकाचे असतेच. पण त्याची परीक्षा होते ती वाचक नसलेल्या माणसाशी ते कसे वागते यावर.

उरलेले अर्धे उत्तर अधिक अवघड आहे आणि ते आपल्या अधिक जवळचे आहे. हॉर्निमन यांच्यानंतर काही काळाने, १९२० मध्ये, ‘क्रॉनिकल’ची सूत्रे मार्माड्यूक पिकथॉल यांच्याकडे आली. इस्लाम स्वीकारलेले हे इंग्रज कादंबरीकार पुढे १९३० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कुरआनच्या इंग्रजी भाषांतरामुळे जगभर ओळखले गेले. १९२४ मध्ये पत्रावर न्यायालयाचा जबर दंड बसला आणि पिकथॉल पायउतार झाले. त्यानंतर संपादक झाले सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी. १९२४ पासून १९४९ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षे, ते त्या खुर्चीवर होते. मधल्या काळात सविनय कायदेभंगात ते तुरुंगात गेले. राष्ट्रीय विचारांच्या मुसलमानांना एकत्र आणण्याच्या प्रयत्नांत ते होते. देशभरातील संपादकांच्या परिषदेचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले.

ही पंचवीस वर्षे कोणती होती, हे लक्षात घ्यावे. मुंबईत १९२९ आणि १९३२ साली हिंदू-मुस्लिम दंगली झाल्या. १९४० मध्ये लीगने लाहोरला आपला ठराव केला. १९४६ मध्ये शहर पुन्हा पेटले. १९४७ मध्ये देश तुटला. जे जिना एकेकाळी याच पत्राच्या संचालक मंडळाचे अध्यक्ष होते, ते एका नव्या देशाचे कायदे-आझम झाले आणि ब्रेलवी मुंबईतच, ‘क्रॉनिकल’च्या टेबलापाशी राहिले. अशा काळात सर्वांच्या शहराचे दैनिक चालवणाऱ्या मुसलमान संपादकाची अवस्था काय होत असेल, याची कल्पना करता येते. लीगवाल्यांच्या लेखी राष्ट्रीय मुसलमान म्हणजे कौमशी बेइमान; आणि दुसऱ्या बाजूला त्याच्या नावाकडे पाहून भुवया उंचावणारेही असतच. दोन्ही बाजू त्याला विचारणार, “तू आमचा की त्यांचा?” आणि संपादकाच्या खुर्चीवरून या प्रश्नाचे उत्तर रोज, दुसऱ्या दिवसाच्या अंकातच द्यावे लागते.

येथे एक आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. आपली माणसे संकटात असताना तटस्थ राहणे हे न्यायाचे लक्षण की पळपुटेपणाचे? ज्याच्या हाती लेखणी आहे त्याने प्रथम आपल्यांची वकिली करू नये काय? हा आक्षेप हलका नाही. समाजाला स्वतःचा आवाज हवाच असतो. १९३८ मध्ये अब्दुल हमीद अन्सारी यांनी मुंबईत उर्दू ‘इन्किलाब’ काढला, तो आजही निघतो. ज्या गल्लीतील बातमी मोठ्या दैनिकाच्या वार्ताहराला दिसत नाही ती छापणारे, ज्या विधवेच्या अर्जाची दखल कोणी घेत नाही तिची कैफियत मांडणारे पत्र नसते, तर कितीतरी दुःखे मुकीच राहिली असती. अशा पत्रांना ‘जातीय’ म्हणून नाके मुरडणाऱ्यांनी आधी मोठ्या दैनिकांत त्या गल्लीसाठी जागा किती असते, ते मोजावे.

पण वकील आणि साक्षीदार यांत फरक आहे. वकील आपल्या अशिलाच्या फायद्याचे तेवढे बोलतो. तो त्याचा धर्मच आहे. साक्षीदाराला ही सवलत नाही. त्याने पाहिले ते सांगायचे, मग ते आपल्या सख्ख्या भावाविरुद्ध का जाईना. म्हणूनच कोर्टात वकिलाच्या भाषणाला पुरावा म्हणत नाहीत, साक्षीला म्हणतात. संकटात सापडलेल्या समाजाला वकील लागतो हे खरे. पण त्याला वाचवते ती परक्याची खरी साक्ष. आणि परक्याने आपल्या बाजूने खरी साक्ष द्यावी असे वाटत असेल, तर त्याच्या बाजूने खरी साक्ष देणारा आपल्यातही कोणी असावा लागतो. ब्रेलवींच्या पंचवीस वर्षांचा अर्थ आम्ही असा लावतो. त्यांनी मुसलमान असणे सोडले नाही आणि शहराची साक्ष देणेही सोडले नाही. त्याच ‘क्रॉनिकल’मध्ये १९३५ मध्ये पानिपतचा एक तरुण, ख्वाजा अहमद अब्बास, नोकरीला लागला. १९४१ मध्ये त्याने सुरू केलेले ‘लास्ट पेज’ हे सदर पुढे ‘ब्लिट्झ’मध्ये गेले आणि १९८७ मध्ये त्याच्या मृत्यूपर्यंत चालले. तेही मोहल्ल्याचे सदर नव्हते, सर्व देशाचे होते.

ही जुनी कथा आज सांगायची ती कशासाठी? यासाठी की साक्षीचा प्रश्न आजही जसाच्या तसा उभा आहे. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शबे-बरातच्या दिवशी, मालेगावच्या बडा कब्रस्तानजवळ बॉम्बस्फोट झाले. तीसहून अधिक माणसे गेली, त्यांतले बहुतेक नमाजसाठी आलेले. त्यानंतर नऊ मुसलमानांना आरोपी करण्यात आले. २०११ मध्ये जामीन मिळेपर्यंत त्यांतील बहुतेकांची पाच वर्षे तुरुंगात गेली. २५ एप्रिल २०१६ रोजी मुंबईच्या विशेष न्यायालयाने हयात असलेल्या आठ जणांना आरोपमुक्त केले. नववा तोवर जग सोडून गेला होता. आम्ही कोणा एका पत्राकडे बोट दाखवत नाही, सर्वांनाच एक प्रश्न विचारतो. अटकेची बातमी ज्या पानावर, ज्या टाइपात येते, त्याच पानावर, त्याच टाइपात दहा वर्षांनंतरची सुटका यायला हवी की नको? अटक ही बातमी आणि सुटका ही नुसती नोंद, असे होत असेल तर छापलेले प्रत्येक वाक्य खरे असूनही एकूण साक्ष खोटी ठरते. वर्तमानपत्र खोटे बोलते ते क्वचितच शब्दांनी. बहुधा ते पानांच्या क्रमाने आणि अक्षरांच्या आकाराने बोलते.

हाच निकष आपल्या पत्रांनाही लावला पाहिजे, नाहीतर आमच्या बोलण्याला काही किंमत नाही. आपल्यापैकी कोणी दुसऱ्यावर अन्याय केला, आपल्या संस्थेत अफरातफर झाली, आपल्या घरातील लेकीवर जुलूम झाला, तर ती बातमी आपल्या पत्राच्या कोणत्या पानावर येते? ‘कौमची बदनामी होईल’ म्हणून ती आत ढकलली गेली, तर ‘शहराची शांतता बिघडेल’ म्हणून आपली बातमी आत ढकलणाऱ्याला आपण काय तोंडाने बोलणार? वाचकाला न आवडणारी खरी बातमी छापण्याचे धैर्य ज्या पत्रात आहे, त्यानेच वाचकाच्या बाजूने बोलले तर लोक ऐकतात.

यात मालकांचा आणि संपादकांचा जसा भाग आहे, तसा वाचकांचाही आहे. मोठ्या दैनिकाच्या अंकाची जी किंमत आपण मोजतो, तिच्यात त्याच्या कागदाचा, छपाईचा आणि वाटपाचा खर्चही बहुधा भागत नाही. उरलेला भार जाहिरातदार उचलतो आणि जो भार उचलतो त्याचा शब्द चालतो. फुकट किंवा स्वस्त मिळालेल्या बातमीची किंमत कोणीतरी, कोठेतरी चुकवत असते. बहुतेक वेळा ज्याची जाहिरात देण्याची ऐपत नाही, तोच ती चुकवतो. आता तर मोबाईलवर बातमी अगदी फुकट येते आणि ती पुढे ढकलणारा प्रत्येक जण स्वतःच एक लहानसा संपादक झाला आहे. बोट दाबण्यापूर्वी ‘हे खरे आहे काय आणि हे कोणाच्या मानेवर पडेल?’ एवढे दोन प्रश्न स्वतःला विचारणे, हे ‘क्रॉनिकल’च्या संपादकाइतकेच आज मोहल्ल्यातल्या पोराचेही कर्तव्य आहे.

आणि आणखी एक. मोठ्या दैनिकात आपल्याला जागा नाही म्हणून ते घेणेच सोडून द्यावे, असे म्हणणारे अनेक जण भेटतात. त्यांची वेदना आम्ही समजू शकतो. त्यांचा उपाय मात्र पटत नाही. जे घर आपण सोडून जातो, त्याच्या भिंतींवर काय लिहिले जाते यावर आपला काहीच ताबा उरत नाही. चुकीच्या बातमीवर संपादकाला पत्र लिहावे. चांगल्या बातमीवरही लिहावे, कारण तसे पत्र फार थोडे जण लिहितात. आपल्या मुला-मुलींनी मराठी दैनिकांत बातमीदार, उपसंपादक म्हणून जावे. केवळ ‘अल्पसंख्याकांचे प्रश्न’ सांभाळायला नव्हे, तर पाणीपुरवठा, न्यायालय, शेती, नाटक, क्रिकेट असे सगळे विषय सांभाळायला. ब्रेलवी पंचवीस वर्षे मुसलमानांचे पान लिहीत नव्हते. ते सगळे पत्र चालवत होते.

‘बॉम्बे क्रॉनिकल’ १९५९ मध्ये बंद पडले. ज्या ‘टाइम्स’ला उत्तर म्हणून ते निघाले, तो टाइम्स बोरीबंदरसमोर आजही उभा आहे. हिशेबाच्या वहीत पाहिले तर ‘क्रॉनिकल’ हरले. पण वर्तमानपत्राचा हिशेब केवळ किती वर्षे चालले यावर करायचा नसतो. ज्या दिवशी बोलणे महाग होते त्या दिवशी ते बोलले की नाही, यावर करायचा असतो. मुंबईच्या फोर्टात टाऊन हॉलसमोरच्या बागेला आज हॉर्निमन सर्कल म्हणतात आणि त्याच परिसरातील एका रस्त्याला सय्यद अब्दुल्ला ब्रेलवींचे नाव आहे. तेथून रोज हजारो लोक कामावर जातात. ही दोन माणसे कोण होती, हे त्यांतील फार थोड्यांना ठाऊक असेल. एक परदेशी आणि एक मुसलमान. या शहराने दोघांनाही आपले मानले, ते त्यांनी शहराची खुशामत केली म्हणून नव्हे, तर साक्ष दिली म्हणून.

तेव्हा वर्तमानपत्र कोणाचे, या प्रश्नाला आमचे उत्तर असे आहे. कागद मालकाचा, पैसा बव्हंशी जाहिरातदाराचा आणि सवय वाचकाची. पण त्यातला शब्द त्याचा, ज्याच्याविषयी तो लिहिला जातो. त्याचा हक्क मान्य करणारे दैनिक मराठी असो, उर्दू असो की इंग्रजी, ते आपले. आणि तो हक्क नाकारणारे पत्र आपल्याच मोहल्ल्यात, आपल्याच भाषेत छापलेले असले, तरी ते परके.